खाली राहिलेली सही
नातवंडांनो, सोसायटीतून कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहिते. आपले म्हातारे वॉचमन आत्ता फाटकाशी खुर्चीत बसलेले मला गॅलरीतून दिसताहेत. वॉचमनना दिवसभर उभं ठेवता म्हणून सोसायटीला जाब विचारणाऱ्या एका टाइप केलेल्या निनावी पत्रामुळे ती खुर्ची आली. चिडलेल्या सेक्रेटरींनी ते पत्र आणि सगळ्यांचे जुने अर्ज स्वतःच्या भाषातज्ज्ञ जावयाला ताडून बघायला दिले.

काल सभेत जावई म्हणाले, "आधी आभार, मग तक्रार, शेवटी गुरुवारपर्यंतची मुदत. आजी, तुमचा प्रत्येक अर्ज असाच असतो."

"सापडलात! बिनसहीच्या पत्रावर आलेली खुर्ची आता उचलतो," सेक्रेटरी म्हणाले.

नाव झाकता येतं, मनाचं वळण नाही. सही न करणं हा माझा भित्रेपणा होता. मी पत्र मागून घेतलं आणि सर्वांदेखत सही केली.

"उचला. गुरुवारी दुसरं पत्र येईल, नावानिशी."

खुर्ची अजून फाटकाशीच आहे.