पांढऱ्या पट्ट्या

वासुदेव राऊतच्या पोटात गोष्ट राहते, हे डहाणूत सगळ्यांना ठाऊक होतं. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण ऑफिसातला एक शब्द या माणसानं घरी आणला नाही," असं त्याची बायको मनोरमा शेजारणीला सांगायची. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

चारोटीजवळच्या एका खासगी विद्यापीठात तो गोपनीय शाखेचा कारकून होता. शाखा म्हणजे एक लोखंडी कपाट आणि तो स्वतः. कपाटात चौकश्यांची लाखबंद पाकिटं असत, आणि किल्ली त्याच्या डब्याच्या पिशवीत, लोणच्याच्या बरणीखाली.

रानशेतच्या वडपाड्यावरची तानी तक्रार घेऊन आली, तेव्हा तिचा जबाब त्यानंच टाइप केला. प्रॅक्टिकलचे मार्क हवे असतील तर एकटी ये, असं एक प्राध्यापक तिला म्हणाला होता. सही करताना तिचा हात थांबला.

"भाऊ, माझा नाव कोनाला कळनार नाय ना? बापाला कळला तं शिक्षन बंद."

"या कपाटातून तुझं नाव बाहेर जायचं नाही," वासुदेव म्हणाला. असा शब्द त्यानं आजवर अनेकांना दिला होता आणि पाळलाही होता.

पुढच्या महिन्यात विश्वस्तांनी ती फाइल मागवली. नियमानं ती फक्त कुलगुरूंनी पाहायची. पण विश्वस्त ललितशेठ हसून म्हणाले, "विद्यापीठ आम्ही उभं केलं आणि आमच्यापासूनच लपवता?" वासुदेवनं लेखी आदेश मागितला. त्याला वाटलं, कागदावर सही करायला कोणी धजावणार नाही. दहा मिनिटांत आदेश आला, खाली कुलगुरूंचीच सही होती. एवढ्या वर्षांत लेखी आदेश मागणं हे त्याचं एकमेव शस्त्र होतं, आणि तेही असं बोथट निघालं.

मग तो फाइलची झेरॉक्स, कात्री आणि गोंद घेऊन बसला. जेवायलाही उठला नाही. जिथं जिथं तानीचं आणि तिच्या बापाचं नाव होतं, तिथं त्यानं पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. उजेडात धरून कोणी वाचू नये म्हणून पुन्हा झेरॉक्स काढली. तेवीस पानं तीनदा तपासली. खरं सांगायचं तर त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं.

बैठकीत तो दाराशी उभा राहिला. ललितशेठ चहा पीत पानं उलटत होते. मध्येच थांबले.

"वडपाडा? अरे, वडपाड्यातून कॉलेजला येणारी पोरगी एकच. आपल्या लाहूची. माझ्याच वाडीत चिकू उतरवतो तो." ते मुळीच रागावले नव्हते. "काळजी करू नका. बोलतो मी त्याच्याशी. घरचाच माणूस आहे."

डहाणूत वासुदेवच्या एका गल्लीतून चाळीस पोरं कॉलेजला जातात. गावाच्या नावानं माणूस ओळखता येतो, हे त्या गल्लीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवीस पानांत वडपाडा अकरा वेळा होता आणि ते सगळे त्यानं स्वतः टाइप केले होते.

चौथ्या दिवशी लाहू तानीला घेऊन आला. गैरसमजातून तक्रार केली, मागे घेत आहे, आणि शिक्षण सोडत असल्यानं शाळा सोडल्याचा दाखला परत मिळावा, असा अर्ज होता. लिहिलेला दुसऱ्याच कोणीतरी. तानीनं सही केली, या वेळी हात थांबला नाही. तिनं वासुदेवकडे पाहिलंही नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो आवकचा शिक्का शोधू लागला. लाहू टेबलावर वाकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, ह्यो कागद आता कोनी बघनार नाय ना? पोरीचा लगीन करायचा हाय."

वासुदेवच्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं आणि शिक्का मारला.