वाघोलीतला कडू घास

रविवारी भर दुपारी मी खडकीहून वाघोलीला निघालो, तेव्हा बायकोने दारातच विचारलं, "तिथेही तेच रडगाणं ऐकणार?" मी ऐटीत सांगितलं, हो, पण तिथे ते कळणारी माणसं आहेत.

रडगाणं म्हणजे एक इंग्रजी रॉक अल्बम. सगळ्या गाण्यांची मिळून एकच गोष्ट. एक तरुण नोकरीसाठी काचेच्या मनोऱ्यात चढतो, मजल्यागणिक एकेक गोष्ट विसरतो, शेवटी नुसता त्याचा श्वास ऐकू येतो आणि तोही थांबतो. कॉलेजात कुणीतरी कॅसेट भरून दिली, तेव्हापासून माझा मनोऱ्यातल्या त्या पोरावर जीव आहे. पण दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये हे बोलायचं कुणाशी? शेजाऱ्यांना एकदा ऐकवलं, तर त्यांनी टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकायला सांगितलं. त्यामुळे इंटरनेटवर नितीन नावाच्या मुलाचं आमंत्रण वाचलं, 'अल्बम सलग ऐकू, मग प्रत्येकाने बोलायचं', आणि मी भाषणाची तयारीच सुरू केली.

मनपाच्या स्टँडवरून बस आणि पुढे सहा आसनी रिक्षा. सहा आसनीत किती बसतात हे वाचकांना ठाऊक आहेच. माझ्या मांडीवर शिवाय कुणाची तरी गॅसची शेगडी होती. नगर रस्त्याला 'शांततेच्या कुशीत तुमचं घर' अशी भली मोठी पाटी होती आणि पाटीमागे खडीचा क्रशर धडधडत होता.

नितीन एका शेतकऱ्याच्या नव्याकोऱ्या बंगल्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. जमलेली सगळी मुलं सॉफ्टवेअरमधली, काळ्या टी-शर्टातली. दारात चपलांचा ढीग. नितीनने पडदे ओढले, दिवे घालवले, आम्ही भिंतीला टेकून मुकाट बसलो. शेवटचा श्वास थांबला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

दिवे लागले आणि चर्चा सुरू झाली. कुठली आवृत्ती चांगली, स्पीकरची वायर कुठली, तिसऱ्या गाण्याचा ताल सातचा की अकराचा. त्यावरून दोघे हमरीतुमरीवर आले. मी घसा खाकरला, तर एक म्हणाला, "काका, तुम्ही कॅसेटवर ऐकलंय ना? मग तुम्ही ऐकलंच नाहीये." झालं माझं भाषण.

एवढ्यात दारात घरमालकीण उभी. हातात भाकऱ्यांची टोपली आणि पिठल्याचं पातेलं. दुपारपासून त्या काळे कपडे, अंधार नि हुंदके बघत-ऐकत होत्या. त्यांनी कडू घास आणला होता (मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात ते जेवण).

"कोन गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

सगळे इंजिनिअर जमिनीकडे बघू लागले. मीच म्हणालो, "एक तरुण मुलगा, मावशी." आणि सगळी गोष्ट सांगितली. त्या चौकटीला टेकून बसल्या.

"आईला कितव्या मजल्यावर इसरला?"

मी मनातल्या मनात एकेक मजला चढून पाहिला. शेवटी मी कबूल केलं की हा पोरगा गाण्यातला आहे, खरा नाही.

"गान्यातला असला तरी आई असंलच की," त्या म्हणाल्या. "जेवा आता, गार होतंय."

भाकऱ्यांचा फडशा पडला. त्या कुठल्या आवृत्तीच्या, हे कुणी विचारलं नाही.

घरी आलो तर बायको म्हणाली, "झालं रडून?" मी मावशींचा प्रश्न सांगितला. ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "लावा बघू."

इतकी वर्षं पाठ असलेला अल्बम मी तिला ओळीओळीने मराठीत सांगत गेलो. तो गाव विसरला, नाव विसरला, कुत्रं विसरला, स्वतःची भाषा विसरला. मग श्वास, मग तोही नाही. विसरलेल्यांत आई कुठेच नव्हती.



"नाही विसरला," बायको म्हणाली. "पुन्हा लावा."

दिवा घालवू द्यायला मात्र तिने साफ नकार दिला.