भिमाबाईचं मिठाचं पाणी

आमच्या बौद्धवाड्यातल्या भिमाबाईला लोक अजून नावं ठेवतात. दुष्काळात नवऱ्याला घोटभर पाणी दिलं न्हाय म्हणं हिनं. ऐकलं की माझं डोस्कं फिरतं. तिची आन् माझी भिंत एक. म्या जाईबाई, समदं माझ्या डोळ्यांपुढं झालेलं हाय. बोलणाऱ्यांनी एक दिस तिच्या जागी बसून बघावं, मग तोंड उचकटावं.

पावसानं दोन सालं पाठोपाठ दगा दिल्ता. बेंबळीच्या अंगाला सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली होती. भिमाबाईचा नवरा पिराजी तिथं जनावरांना उसाचं वाढं, म्हंजी शेंड्याचा हिरवा पाला, टाकायच्या कामाला. धिप्पाड गडी. डोक्यावर वाढ्याचा भारा आन् तोंडात आमची थट्टा. "जाईवैनी, तुमच्या तोंडाला मुसकं घालून एखाद्या दावणीला बांधू का?" म्हणायचा. मेल्याचं बोलणं लई वाईट, पण माणूस मऊ.

एका सकाळी भारा खाली ठेवायच्या आतच एका भुकेल्या बैलानं मान हिसडली. शिंग पिराजीच्या पोटात घुसलं. बैलाचा तरी काय दोष? त्याला वाढं दिसत होतं, माणूस दिसत नव्हता.

जीपमधी घालून सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेला. भिमानं माझा हात धरला, "जाईबाय, मला तिथं बोलता यायचं न्हाय, तुमी चला," म्हणली. म्या गेले. दोन वख्त पोट उघडलं त्याचं. आतडं फाटलेलं, त्यातलं बरंच काळं पडलेलं, ते कापून काढलं. उरलेल्याचं तोंड पोटावर उघडं ठेवलं. पोट असं सुजलं होतं की आतलं मांस जुळंना, मग वरून नुसती कातडी ओढून शिवली. खाल्लेलं-प्यालेलं समदं त्या पोटावरच्या तोंडातून वाहायचं.

दवाखान्यातून सोडायच्या दिशी डॉक्टरनं आमाला दोघींना समोर बसवलं. चांगला माणूस, घाई केली न्हाय.

"बाई, यांचं आतडं आता थोडंच उरलंय. त्यात साधं पाणी मुरत नाही. उलट अंगातलं मीठ ओढून घेतं आणि बाहेर पडतं. जितकं साधं पाणी पाजाल, तितके हे वाळतील. मीठ आणि साखर घातलेलं पाणीच द्यायचं, थोडं थोडं. अंगावर मांस आलं, पोट मऊ पडलं, की दिवाळीनंतर परत घेऊन या. आतडं जोडू आणि पोटही नीट शिवून देऊ."

भिमानं इचारलं, "पाणी पिऊन माणूस वाळतो?"

"यांच्या बाबतीत, हो."

म्या दोनदा इचारून घेतलं. दुष्काळात आमी घागरीसाठी कोस कोस पायपीट करायलो, आन् हा माणूस सांगतोय, पाणी देऊ नका.

घरी आणला. भिमानं पाण्याचा रांजण आतल्या खोलीत नेला आन् दाराला कडी घातली. बाहेर पिराजीच्या उशाला मिठा-साखरेच्या पाण्याचा एकच तांब्या. चैताचं ऊन, पत्र्याचं घर. त्याची तहान काय इचारता! जीभ लाकडावानी झालेली.

"भिमे, एक घोट दे गं. साधं. हे गोडमट न् खारट, काय बी लागायलंय. उलटी येती."

"हेच प्या. दिवाळीपत्तूर."

"मरायलोय गं म्या."

"मरू देत न्हाय म्हणूनच करायलेय," म्हणायची, आन् पदर तोंडात कोंबून माझ्या भिंतीपाशी येऊन उभी राहायची. म्या पल्याडून ऐकायची तिचं हुंदकं गिळणं. माझ्याजवळ बी इलाज नव्हता.

त्या पोटावरून वाहणाऱ्या पाण्यानं त्याची कातडी सोलून निघायची. ती दवाखान्याचं मलम लावायची, फडकी बदलायची, धुवायची. त्याला पाणी लागायचंच. झालं! बायांना आयतं मिळालं. "फडक्यांना पाणी हाय, नवऱ्याला न्हाय." वरच्या आळीच्या गजराबाईनं तर पितळेची घागर भरून धाडली. त्यांच्या आडाजवळ आमची सावली चालत नव्हती इतकी वर्सं, आन् आता दया आली. भिमानं हात जोडून घागर घेतली आन् रांजणात वतली. गजराबाई गावभर सांगत सुटली, पाणी दिलं तर हिनं लपवून ठिवलं. म्या तिच्या दारात जाऊन असली आग पाखडली की पुन्हा माझ्यासमोर तिनं तोंड उघडलं न्हाय. पण माझ्या भांडणानं पिराजीच्या अंगात घोटभर पाणी मुरलं न्हाय, हे खरं.

सगळ्यांत वाईट त्याच्या आईचं, मथुराबाईचं. म्हातारीनं चारदा ऐकलं होतं डॉक्टरचं म्हणणं. पण पोटचं लेकरू पाणी मागतंय आन् आईनं बसून बघायचं? भिमा टँकरवर गेली की म्हातारी आतली कडी काढायची. थंडगार पाणी, तांब्यावर तांब्या. पिराजी गटागटा प्यायचा, हसायचा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचा. म्हातारीला वाटायचं, लेकाचा जीव थंड झाला.

चार दिसांत त्याचं डोळं खोल गेलं. पायात गोळं यायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं. बेंबळीच्या दवाखान्यात सलाईन लावून आणलं तवा कुठं वळखीचा झाला. भिमाला समजलं. म्हातारी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. म्या म्हणलं, आता हिची काय खैर न्हाय. पण भिमानं सासूच्या पायापाशी बसून एवढंच म्हणलं, "आत्या, तुमाला बघवंना. मला बघवतंय व्हय?" मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. म्या बी रडले, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर म्हातारीनं कडीला हात लावला न्हाय. सून मीठ घालायची, सासू साखर.

आन् खरंच, पावसाळ्याच्या सुरवातीला पिराजीच्या गालावर जरा मांस दिसाया लागलं. पाऊस न्हवताच, नुसतं आभाळ. भिमानं जुन्या लुगड्याचा रुंद पट्टा करून त्याच्या पोटाला गुंडाळला, कारण उभा राहिला की नुसत्या कातडीखाली पोट पुढं लोंबायचं. एका हातानं पोट धरून तो दारापत्तूर यायचा.

"जाईवैनी," म्हणायचा, "पोट शिवून आलो की पयला करदोडा बांधणार. कमरंला काय बांधता येईना, धोतर बी ठरंना. बाप्याची जात हाय का ही?"

"बांधा की," म्या म्हणायची, "आन् माझ्या मुसक्याचं काय झालं?"

हसायचा. हसताना दोन्ही हातांनी पोट दाबून धरायचा.

दसरा तोंडावर आला आन् ताप भरला. उतरंचना. खाल्लेलं कण बी अंगी लागंना, हाडं वर आली. पुन्हा सोलापूर. त्याच डॉक्टरनं पोट चाचपून तपासलं. मग म्हणला, "अंगात ताकद नाही. आता पोट उघडलं तर टेबलावरच जातील. शिरेतून अन्न देऊन जगवतात, पण ती सोय इथं नाही, मुंबईलाही एखाद्याच ठिकाणी असेल, आणि तिथवर हे टिकायचे नाहीत." भिमानं त्याचं पाय धरलं. त्यानं तिला उठवलं आन् तोंड फिरवलं. तो तरी काय करणार होता?

घरी आणून अंगणात लिंबाखाली बाज टाकली. दुपार होती. श्वास वरच्या वर चाललेला. माणसं जमली. जो तो सांगाया लागला, "आता तरी साधं पाणी पाज गं बाई. तहानलेला जीव जाऊ देऊ नगंस."

भिमा ऐकंना. "साधं दिलं म्हंजी आशा सोडली म्हणायची," म्हणली. बाजेच्या कडंला तसाच तो मिठाचा तांब्या धरून बसली. म्हातारी मथुराबाई नुसती सुनेकडं बघत राहिली. मग भिमा उठली. आतल्या खोलीची कडी काढली, रांजणातलं थंड पाणी दुसऱ्या तांब्यात भरून आणलं. समद्या बायांनी डोळ्याला पदर लावला.

तिनं त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आन् तांब्या व्हटाला लावला. एक घोट त्यानं घेतला. आन् थांबला. डोळं उघडलं. तोंडातलं पाणी तसंच धरून तिच्याकडं बघितलं, मग गिळलं.

"भिमे," म्हणला, "मीठ घालायचं इसरलीस?"

भिमाच्या तोंडाला रंग राहिला न्हाय.

"व्हय," म्हणली ती, "इसरले बगा. आणते हां."

तांब्या घेऊन आत गेली. डबा हातातून पडल्याचा आवाज आला. म्या मागं गेले तर खाली बसून भुईवरचं मीठ चिमटीनं गोळा करायलेली. म्या चिमूटभर घातलं, साखर घातली, ढवळून दिलं. ती बाहेर आली, पुन्हा त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

पिराजीनं दोन घोट घेतले. रोजच्यासारखं तोंड वाकडं केलं.

"आता दिवाळीपत्तूर जीव टिकंल," म्हणला.

दिस मावळायच्या आत गेला.