नव्या गाडीचा हार

नवी गाडी दिसली की ते आधी तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभे राहायचे. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा गाडीला मिठी मारतोय. ते माप घेत असत. मग मान हलवून म्हणायचे, "छाती भरून हार लागन, भाऊ. येच्यात कंजुषी नाई जमत."

अमरावतीत आमच्या शोरूमच्या फाटकाबाहेर त्यांची फुलांची टपरी होती. आमची कंपनी परदेशी, रस्त्यापलीकडची देशी. दोन्हीकडच्या नव्या गाड्यांना हार त्यांचाच. मी गाड्या विकायचो, ते सजवायचे. तुम्ही कधी नवी गाडी घेतली असेल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. फोटोत त्याचे फक्त हात येतात.

हार दोघांनाही सारखा, मन मात्र देशीकडे. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "देशी गाडी बिघडली त त्याइच्या दारात जाऊन शिव्या देता येतात. तुमच्या कोरियाले कोन जाईन?" हे ते आमच्याच गिऱ्हाइकासमोर बोलायचे. मॅनेजर दात-ओठ खायचे, पण तसा हार दुसरा कोणी करत नव्हता, म्हणून गप्प बसायचे.

त्यांना रस्त्याची भीती होती. मुलगा मंडप सजवायचा, कामं बहुतेक अकोल्याची. तो मोटरसायकलने जायचा. तो परत येईपर्यंत टपरीचं फळकुट खाली यायचं नाही. फुलं संपलेली असत, बाप बसलेला असे. ट्रकचा हॉर्न वाजला की हातातली सुई थांबायची. त्यामुळे मुलाने चारचाकी घ्यावी, हे घरात सगळ्यांनाच पटलेलं होतं. कोणती घ्यावी, यावर मात्र घर फाटलं.

मुलाला आमची गाडी हवी होती, समोर काही आलं तर स्वतःहून ब्रेक लावणारी. एका दुपारी सगळे शोरूममध्ये आले. मुलगा, सून, लहान नात आणि हे.

"आपल्या मनानं थांबते?" त्यांनी मला विचारलं.

"हो बाबा. ड्रायव्हरचं लक्ष नसलं तरी."

"जे आपल्या मनानं थांबते, थे आपल्या मनानं पयाली त?"

मुलगा वैतागला. "बाबा, लोकं हासून राहिले."

"हासू दे. इंग्रजाले हाकललं, आता कोरियावाल्याले घरात घेतं तू?"

सून हळूच म्हणाली, "मामाजी, थे गाडी चेन्नईत बनते."

"चेन्नईत बनते? मंग भाव कोरियाचा काहून?"

सगळे हसले, मीही हसलो. हसले नाहीत ते फक्त बाप-लेक. मुलगा तोंड फिरवून म्हणाला, "तुमाले गाडी नाई कळत, फुलं कळतात." म्हातारा उठला आणि बाहेर जाऊन टपरीत बसला. त्यानंतर कितीतरी दिवस मुलगा टपरीवरून जायचा तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत. निरोप नात पोचवायची.

शेवटी मुलाने आमचीच गाडी घेतली. ताबा घ्यायच्या दिवशी म्हातारा येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. ते आले, धुतलेलं धोतर, खांद्यावर हार. तसा हार मी पुन्हा पाहिला नाही. झेंडू, शेवंती, मध्ये जाड चमकीच्या पट्ट्या. तो त्यांनी गाडीच्या तोंडावरच घट्ट बांधला, थेट कंपनीच्या चिन्हावरून. बांधून झाल्यावर मुलाला नाही, मला म्हणाले, "आता माह्या हातचा हार हाय. काई होत नाई."

त्या चिन्हाच्या मागेच रडार असतं. समोरचं बघून ब्रेक लावणारं तेच. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी सांगायचो की फोटो झाला की हार काढा, रडारला तो समोरचा अडथळा वाटतो, मग रस्त्याला लागा. आमच्याकडे हार कोणी काढत नाही, तो आपोआप गळेपर्यंत ठेवतात, म्हणून तर बजावून सांगावं लागायचं. त्या दिवशी मी सांगितलं नाही. बाबा नातीला घेऊन मागच्या सीटवर बसले आणि मुलगा काचेतून म्हणाला, "भाऊ, सीधे अकोल्याले चाललो, बहिनीकडे." तेव्हाही नाही. म्हाताऱ्याचं मन मोडेल म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. तेही खरं आहे. पण हार काढा म्हटलं तर ते बिथरतील, गाडीतून उतरतील आणि सौदा मोडेल, ही भीतीही होती. ती आधी होती.

मूर्तिजापूरच्या अलीकडे, मोकळ्या रस्त्यावर, समोर काहीही नसताना गाडीने करकचून ब्रेक मारला. मागच्या ट्रकने जेमतेम बगल दिली आणि आरसा तोडून तो पुढे गेला. मागच्या सीटवर म्हाताऱ्याने नातीला छातीशी दाबून धरलं होतं. पोर रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली, असं मुलाने मला फोनवर सांगितलं. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "भाऊ, बाबा खरं म्हनत होते." मी म्हणालो, "गाडी पाठव, तपासून घेऊ." तपासणीत काहीच निघालं नाही. निघणार कसं? गाडी शोरूममध्ये आली तेव्हा तिच्यावर हार नव्हता.

मुलाने ती गाडी विकली आणि रस्त्यापलीकडची देशी घेतली. घरात बापाचा शब्द खरा ठरला. बाप मात्र मुलाच्या गाडीत पुन्हा बसला नाही.

यंदा थंडीत ते गेले. झोपेतच. मुलाला मी अजून काही सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर वाचेल, आणि मग काय करेल, ते मला माहीत नाही.

ते जाण्याच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. कामासाठी अकोल्याला निघालो होतो. एसटीत पुढच्या जागा रिकाम्या होत्या आणि हे शेवटच्या बाकावर, मागच्या काचेकडे तोंड करून गुडघ्यावर बसलेले. "भाऊ, इकडं या." काचेबाहेर मुलाची पांढरी गाडी. आत तो एकटा, एसटीच्या मागोमाग; जायचं दोघांनाही अकोल्यालाच.

कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "आजोबा, पोरगं मांगं तेल जाळून राह्यलं अन् तुमी इथं अर्ध्या तिकिटावर!"

"जाळू दे. त्याचं तेल, त्याची हौस."

कंडक्टर पुढे गेल्यावर मी म्हणालो, "बाबा, गाडी तर आता तुमच्या मनासारखी आहे."

"हव. चांगली हाय." त्यांनी बाहीने काच पुसली. "बसवत नाई पन." मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, "भाऊ, हारानं त नसन झालं?"

इतकी वर्षं त्यांनी हे कोणाला विचारलं नसावं. मला विचारलं, कारण मला माहीत असणार हे त्यांना माहीत होतं.

"छे हो बाबा," मी म्हणालो. "हाराचा काय संबंध? गाडीच खराब होती."

त्यांचा खांदा खाली आला, ओझं उतरल्यासारखा. "मंग बराबर. मी सांगतच होतो त्याले." आणि माझ्या त्या एका वाक्याने मी तो दोष पुन्हा मुलाच्या माथी मारला.

बडनेरा मागे पडलं. एसटीने वेग घेतला तशी गाडीही जवळ आली, फार जवळ. म्हाताऱ्याने काचेवर पंजा टेकवला. "दूर... दूर राह्य रे." मुलाला वाटलं, बाबा हात हलवताहेत. किती दिवसांनी! तो हसला आणि त्यानेही स्टिअरिंगवरचा हात उचलून हलवला. माझ्या शेजारी म्हातारा काचेवर मूठ आपटत ओरडला,

"धर रे! दोनी हातानं धर!"