हुकूमशहाला उष्टं कसं द्यायचं?

हे लिहायला मला आमच्या सुनेनं बसवलंय. गावच्या वाचनालयाच्या अंकाला मजकूर कमी पडला म्हणे. मग छापा की खतांच्या जाहिराती. पण नाही, "बाबा, तुमचा तो सिनेमाचा किस्सा द्या." मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, सही करताना जीभ बाहेर येते माझी. पण तुम्हाला माझी फजिती वाचायचीच आहे ना? वाचा. चहा तेवढा गार होऊ देऊ नका.

वसईच्या किल्ल्यात तेव्हा शूटिंगवाल्यांची सारखी ये-जा. कुणी ना कुणी येऊन तटावर नाचून जायचं. पण हा सिनेमा नाचाचा नव्हता. कुठल्याशा देशाचा हुकूमशहा, आणि त्याच्याजवळ राहणारी माणसं. ड्रायव्हर, न्हावी, आचारी. त्याची नजर जरा वाकडी झाली की यांची पळापळ. असा सगळा मामला.

मी सांडोरचा, केळीची वाडी आहे माझी. त्यांच्या मेजवानीच्या टेबलावर ठेवायला केळीचे घड पोचवायला गेलो, तर डायरेक्टर माझ्याकडे बघतच राहिला.

"काका, असा वैतागलेला चेहरा पैसे देऊन मिळत नाही," म्हणाला. आणि त्यानं तो फुकटातच घेतला.

काम काय? हुकूमशहाला विषाची भीती. म्हणून म्हाताऱ्या नोकरानं आधी सूप चाखायचं, क्षणभर थांबायचं, मेला नाही तर वाटी साहेबापुढे ठेवायची. एवढंच. माझ्या वाडीतला गडीसुद्धा करील.

आता माझी अडचण ऐका. नंदाखालचे आमचे व्याही. एकदा त्यांच्या वाडीतल्या नारळाचा फोटो पेपरात आला होता. नारळाचा, त्यांचा नव्हे. पण तेव्हापासून तेसुद्धा आमच्याकडे झाडावरूनच बघायला लागले. मी निरोप धाडला, या, आमचं काम बघा. तर अख्खं घर टेम्पोत घालून आले की. दोरीपलीकडे रांगेत उभे. शेजारी आमची ही, माझा जेवणाचा डबा घेऊन, कारण बाहेरचं मला सोसत नाही. म्हणजे माझी सगळी इज्जत त्या सुपाच्या वाटीत होती.

मला लाल कोट चढवला. हुकूमशहा येऊन बसला. छातीभर बिल्ले, मुंबईचा मोठा नट. मघाशीच मला म्हणाला होता, "काका, मी खोटं खोटं करत नाही. सूप खरंच पिणार."

इथंच घोळ झाला. मला सांगा, तो आपल्या गावात आलेला पाहुणा. त्याला मी माझं उष्टं देऊ? आमच्या घरात पाण्याच्या तांब्याला कुणी ओठ लावला तर माझी आई सबंध दिवस बोलायची नाही. म्हणून मी डोकं चालवलं. चमचा वर धरला, आ केला आणि सूप वरून सोडलं.

निम्मं मिशीत गेलं.

"काका, चमचा तोंडाला लावा," डायरेक्टर म्हणाला.

"उष्टा होईल."

"अहो, नोकर आहात तुम्ही. उष्टं करायलाच ठेवलंय तुम्हाला."

पटतं का तुम्हाला हे? मला नाही पटलं. पुन्हा तेच केलं, आता कॉलरमध्ये गेलं. डायरेक्टरनं कपाळाला हात लावला आणि चमचाच काढून घेतला. म्हणाला, वाटीनंच एक घोट घ्या. तेवढ्यात ते सूप गार झालं म्हणून कुणा शहाण्यानं दुसरं आणलं. उकळतं. वर मिरपूड.

मी वाटी उचलली. तांब्यानं पाणी पितो तशी, हातभर वरून ओतली.

पुढचं मला नीट दिसलं नाही. घसा पेटला, श्वास अडकला, डोळे बाहेर आले. आधाराला धरलं ते टेबलावरचं कापड, ते घेऊन मी खाली. अंगावर माझीच केळी. डायरेक्टरला वाटलं, म्हातारा काय काम करतोय! त्यानं कॅमेरा थांबवलाच नाही. हुकूमशहा जागचा हलला नाही. थंड आवाजात म्हणाला, "घेऊन जा याला." दोन शिपाई पुढे आले, पाचूबंदरची कोळ्यांची पोरं होती ती. त्यांनी मला हातांना धरलं आणि जाळं ओढावं तसं ओढलं.

दोरीपलीकडून आमची ही हे सगळं बघत होती. तिला कुठलं शूटिंग नि कुठलं काय. ती दोरीखालून आत शिरली ती थेट टेबलावर.

"मेल्या, माझ्या माणसाला काय पाजलंस?"

आणि भरलेला डबा हुकूमशहाच्या टाळक्यात. कोलंबीचं कालवण सगळ्या बिल्ल्यांवरून ओघळलं.

मी कसाबसा उठून बसलो. म्हटलं, "अगं, मला काही झालेलं नाही."

ती वळली. "काही झालेलं नाही? मग पडलात कशाला?" आणि माझ्या पाठीत एक रट्टा.

व्याह्यांदेखत.

वाटलं, आता हाकलणार आपल्याला. तर डायरेक्टर टाळ्या वाजवत पुढे आला. त्यानं गोष्टच बदलली. सगळा देश भितो त्या हुकूमशहावर पहिला हात उचलते ती नोकराची बायको. मग काय, तोच प्रसंग इकडून, तिकडून, वरून, खालून. प्रत्येक वेळी शेवटचा रट्टा हवाच, तो फार खरा वाटतो म्हणाला. का नाही वाटणार? तिनं एकदाही हात आखडता घेतला नाही.

सिनेमा लागला तेव्हा व्याह्यांनी थेटरात पूर्ण रांग धरली. पडद्यावर मी होतो. म्हणजे हनुवटी होती, तिच्यावरून ओघळणारं सूप होतं, फरफटत जाणारे तळपाय होते आणि रट्टा खाणारी पाठ होती. चेहरा, ज्याच्यासाठी मला घेतलं, तो कापला. आणि ही? पडदाभर. डबा बसला तेव्हा शिट्ट्या पडल्या. शेवटी नावं आली, त्यात हिचं होतं. माझ्या जागी नुसतं 'म्हातारा नोकर'. व्याही उठले, माझ्या पायावर पाय देऊन तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "विहीणबाई, नाव काढलंत."

पाठ अजून पावसाळ्यात दुखते माझी. माफी मागायचं नाव नाही. विचारलं तर म्हणते, "मी काय करू? मला वरून सांगितलं होतं." हुकूमशहाजवळची माणसं नंतर हेच सांगतात, सिनेमातसुद्धा हेच होतं.

बायकोचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. पण आता छापा, ठळक छापा.

द्वारका.