गाडीच्या काचेतून झालेला पंचनामा

आज सकाळी पार्से गावात आमच्या काजूचा पंचनामा करायला सरकारी साहेब आले. आले म्हणजे काय, डोंगराच्या पायथ्याशी आले. रस्ता उखडलेला, गाडी वर चढेना.

साहेबांनी काच खाली केली. "झाडं तर हिरवीगार आहेत! नुकसान कुठाय?"

बाबा म्हणाले, "साहेब, उष्म्यान मोहोर करपलो, पानां नाय. वर येवन बघा."

साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं, 'नुकसान नाही' असं लिहिलं आणि गेले. काजू मोहोराला धरतो, पानांना नाही, हे आमच्या शेळीलाही कळतं!

मतं मागायला मात्र या साहेबांना पाठवणारे पुढारी याच रस्त्याने डोंगरावरच्या आमच्या घरापर्यंत चालत येतात. तेव्हा बूट कसे मळत नाहीत, सांगेल का कोणी?