काकांना घर दाखवताना

मावशी हट्टी. एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. काका गेल्यावर तिच्या मुलाने तिच्यासाठी लिफ्टवाला फ्लॅट पाहून ठेवला. जुन्या घराच्या भिंती ओलीने फुगलेल्या, न्हाणीघराची फरशी उखडलेली.

"आई, इथे एकटी कशाला राहतेस?"

"एकटी कुठे?" दुकानाच्या शर्टांना बटणं लावता लावता मावशी म्हणाली. "संध्याकाळी हे येतात की."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काका जन्मांध. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर नोकरीला होते. घरात शिरले की काठी ठेवायची आणि भिंतीवर बोटं फिरवत थेट न्हाणीघर गाठायचं. त्यांच्यापायी त्या घरातली खुर्चीसुद्धा कधी जागची हलली नाही. मावशीला आता रोज ती बोटं भिंतीवर ऐकू येत.

"दुसऱ्या घरात त्यांना कोण आणणार?" ती म्हणाली. मुलाने हात टेकले. आहे तेच घर दुरुस्त करायचं ठरलं.

गवंड्याला बोट दिलं की तो हात धरतो. मधली भिंत पोखरलेली निघाली, ती पाडली. ओटा खिडकीखाली गेला, न्हाणीघराचं दार दुसऱ्या बाजूला. घरभर उजेड झाला आणि मी खूश. काकांना उजेड काय कामाचा, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

काम संपलं आणि मावशीचं जेवणखाण सुटलं. "येत नाहीत का?" मी भीतभीतच विचारलं.

"येतात रे. धडपडतात." तिचे डोळे भरून आले. "काल ओट्यावर आपटले. मग कितीतरी वेळ नुसते उभे. या घरात ते कधी आंधळे नव्हते रे. मी केलं त्यांना आंधळं."

"मांजर असेल गं," मी म्हणालो. तिने असं पाहिलं, की माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो, तर दार उघडंच. मावशी एक कोपर जरासं मागे करून, बेताबेताने चालत होती.

"इथली भिंत गेली, सरळ या. हा ओटा. कोपरा टोकदार आहे, सांभाळा. हां, आता डावीकडे."

न्हाणीघराच्या दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. उंबऱ्यापाशी आली आणि तिने कोपर हळूच सोडवून घेतलं.

"आता तुम्ही एकटे जाऊन दाखवा बघू."

मी ओट्याजवळ उभा होतो, बरोबर वाटेत. मी अंग चोरून बाजूला झालो आणि त्यांना जाऊ दिलं.